कोरडा थर

११ जुलै, शुक्रवार

केसांत रेझिन. तेलाने, रॉकेलने, कशानेच निघालं नाही. शेवटी मानेजवळची बट कात्रीने कापली. बेसिनच्या कडेवर ती कडक होऊन पडली आहे, मेलेल्या गोमेसारखी. किळस येते म्हणून अजून उचललेली नाही.

साताऱ्याच्या कंपनीत असं नव्हतं. तिथे साच्यावर काचेचं कापड पसरायचं, वरून प्लॅस्टिकची पिशवी ताणायची, पंपाने आतली हवा ओढायची. रेझिन आपोआप आत पसरायचं. हाताला थेंब लागत नसे. इथे कुपवाडला फायबरच्या बोटी, आणि सगळं हाताने. आधी साच्याला मेणाचं पॉलिश, म्हणजे माल साच्यात अडकत नाही. त्यावर जेलकोटचा फवारा — तीच पुढे बोटीची बाहेरची कातडी. ती जरा धरली की काचेच्या तंतूंची मॅट अंथरायची, हार्डनर घातलेलं रेझिन ओतायचं, रोलरने दाबून बुडबुडे काढायचे. पुन्हा मॅट, पुन्हा रेझिन. चार माणसं साच्यात उकिडवी, कोपरापर्यंत चिकट. काचेची कुसळं कातडीत शिरतात. संध्याकाळी थिनरने हात धुतात आणि त्याच हातांनी मावा मळतात.

भाऊसो, आमचा मुख्य कारागीर. त्याच्या तोंडातला मावा आज रेझिनच्या बादलीत पडला. मी ओरडले. तो शांत. "रंग त्योच हाय की मॅडम!" सगळे हसले. मी बादली ओतून टाकायला लावली. तेव्हा कुणी हसलं नाही.

बोटी तीन करायच्या आहेत. नदीकाठच्या एका गावाने सांगितल्या आहेत — पूर आला की त्यांना तिन्ही बाजूंनी पाणी. पहिली जूनमध्येच गेली. दुसरीसाठी साचा पॉलिश होतो आहे.

१५ जुलै, मंगळवार

काल संध्याकाळी जेलकोट मारला आणि शेडमधले दिवे कुणीतरी चालूच ठेवून गेलं. पाऊस थांबलेला. सकाळी साच्यात पाहिलं तर भगव्या जेलकोटवर पंखवाली वाळवी चिकटलेली. मूठमूठ. काहींचे पाय अजून हलत होते. चिमटा घेऊन एकेक काढत बसले, कारण प्रत्येक किड्याखाली एक भोक राहतं आणि प्रत्येक भोकातून पुढे पाणी येतं. पंख बोटांना चिकटत होते. 

नेमक्या तेव्हा आक्का आल्या. चंदनबाला आक्का, मालकांच्या — मदन सरांच्या — आई. बंगला शेडच्या मागेच आहे. जैन बस्तीतून दर्शन घेऊन परतताना वाकून बघायची त्यांना सवय. चातुर्मास चालू, पायाखालची मुंगीसुद्धा चुकवून चालतात. साच्यात बघितलं आणि पदर तोंडाला.

"मदन, ह्यास्नी कुणी मारलं?"

"आक्का, आपोआप येऊन पडतात."

"आपोआप? दिवा आपोआप लागला व्हय रे?"

मग भाऊसोकडे वळून — "दिवस मावळायच्या आत सगळं वाळवून मगच घरी जायचं. चार महिनं. एक जीव चिकटता कामा नये, सांगून ठेवते."

"व्हय आक्का."

चार माणसं नाकाला फडकं बांधून दिवसभर ते रेझिन हुंगतात, त्यांच्याबद्दल अवाक्षर नाही. मास्क मी मार्चपासून मागते आहे. वाळवीसाठी मात्र डोळ्यांत पाणी!

१६ जुलै, बुधवार

साचा सकाळी स्वच्छ. कालच्या दोन मॅट नीट बसलेल्या, वरून कोरड्या, चकचकीत. एकही किडा नाही. बरं वाटलं. हात लावायची इच्छा नव्हतीच, लावला नाही. दुपारी उरलेल्या तीन मॅट चढवल्या.

२२ जुलै, मंगळवार

दोन नंबरची बोट साच्यातून काढली. काठात लाकडी पाचरी ठोकायच्या, साच्याला खालून हवा द्यायची आणि वाट बघायची. मग एक मोठा आवाज होतो, उसाचं कांडं मोडावं तसा, आणि बोट सुटते. एवढा एक क्षण मला या धंद्यात आवडतो. तोही लगेच नासला. मदन सरांनी बोटीला हार घातला, नारळ फोडला, पाणी आतच सांडलं, आणि सगळ्यांना भोवती उभं करून फोटो. भाऊसोच्या दातांचा रंग जेलकोटला मिळताजुळता. फोटो गावाच्या ग्रुपवर गेला सुद्धा.

२५ जुलै, शुक्रवार

आधी चहा केला. आता लिहिते.

सकाळी दोन नंबरचा काठ कटरने सरळ करत होते. कापून पडलेली पट्टी उचलली आणि ती मधोमध उघडली. चिरोट्यासारखी. आतल्या दोन्ही बाजू गुळगुळीत. फाटल्याची खूण नाही, ओढल्याची नाही. ते थर सुटले नव्हते — ते कधी चिकटलेच नव्हते!

दुसरीकडून काप घेतला. तेच. तळातून एक तुकडा काढला. तेच. पहिल्या दिवसाचा थर वेगळा, दुसऱ्या दिवसाचा वेगळा. एका बोटीत दोन पातळ बोटी.

कारण साधं आहे. रेझिनला हवा लागते तिथे वरचा पापुद्रा चिकट राहतो. बोट लावलं की तार निघते, ओंगळ वाटतं. पण तो ओंगळपणाच दुसऱ्या दिवशीच्या थराला धरून ठेवतो. फक्त अगदी शेवटच्या थरात थोडं पातळ केलेलं मेण मिसळायचं. ते वर येतं, हवा तोडतं, पृष्ठभाग कोरडा होतो. मधल्या थरात मेण घालणं म्हणजे दोन लाद्यांच्या मध्ये तेलकट कागद ठेवून वर फरशी बसली म्हणायचं.

भाऊसोला विचारलं, पहिल्या दिवसाच्या रेझिनमध्ये मेण घातलंत का?

"व्हय की!" छाती पुढे. "आक्कांनी सांगितलं न्हवं, वाळवून जावा म्हणून? मेण टाकलं की दिवस मावळायला टणटणीत. एक किडं बसलं न्हाई बघा."

"आणि दुसऱ्या दिवशी वर मॅट टाकताना घासून घेतलं?"

"घासायचं कशाला? चकचकीत व्हतं की."

वीस वर्षं हे काम करतो हा माणूस. शिसारी आली. त्याची, त्याच्या 'व्हय आक्का'ची, त्या सोवळ्या दयेची. आणि त्या चकचकीत थराकडे बघून बरं वाटणाऱ्या बाईचीही. एक बोट टेकवलं असतं तर कळलं असतं. किळस वाटली म्हणून टेकवलं नाही.

तिसरी बोट साच्यात आहे. तिच्याही दोन मॅट काल झाल्या. कोरड्या. काम थांबवलं.

२६ जुलै, शनिवार

मदन सरांना पट्टी दाखवली. त्यांनी ती दोन बोटांनी उघडली, मिटली, उघडली. चष्म्याच्या घरासारखी.

"काठाला सगळीकडनं बोल्ट मारू. वरून एक मॅट."

मी म्हणाले, काठाला बोल्ट मारून तळ जोडला जात नाही. पुराच्या पाण्यात ओंडके असतात, कुंपणाच्या तारा असतात. तळाला एक ठोसा बसला की दोन थरांच्या मध्ये पाणी शिरणार. मग बोट फुगते, मऊ पडते, मोडते. माणसं आत असताना.

"मॅडम, ते काय रोज बसणारेत का तीत? पूर आला तर. न्हाईतर समाजमंदिराच्या मागं पालथी पडून राहणार."

मग आवाज एकदम खाली. "आक्कांना सांगू नका. आज त्यांचा उपवास आहे. हे कळलं तर पुढं अन्न घेणार नाहीत. हट्टी आहेत. तुम्ही फक्त 'पास' म्हणा, बाकी माझ्यावर सोडा."

म्हणजे आक्कांच्या ताटासाठी गाव त्या बोटीत बसवायचं. मी नाही म्हणाले. त्यांनी पट्टी कचऱ्यात टाकली. मी ती उचलून पिशवीत ठेवली. हातावर पुरळ उठलं आहे, खाजवून रक्त आलं.

२८ जुलै, सोमवार

आईचा जतहून फोन. "मागल्या खेपंला तू झोपलीस त्या वाकळंचा वास दोनदा धुऊन गेला न्हाई. मेंढराचा वास बरा की गं! कसली म्हणायची तुझी नोकरी?"



३० जुलै, बुधवार

लालासाहेब आले. त्या गावचे सरपंच. पांढरा शर्ट, गुडघ्यापर्यंत चिखल, तसेच ऑफिसात. मागच्या मोठ्या पुरात त्यांच्या गावाला बोट मिळायला दोन दिवस लागले होते. तेव्हा त्यांनी काकूला दाराच्या फळीवर घालून काढली. हे त्यांनी सांगितलं ते शेतातल्या मोटारीबद्दल सांगावं तसं.

"एक बोट हाय, पन गल्ल्या तीन हायत. आमी वाट बघू, पन नदी बघंल का?" आणि दोन नंबरच्या काठावर थाप मारून — "ही तर तयारच दिसतीया की."

मदन सर म्हणाले, "पॉलिश राहिलंय. चार दिवसांत पाठवतो."

मी तिथेच उभी होते. त्या थापेचा आवाज पोकळ होता. तो फक्त मला ऐकू आला. बोलले नाही. नोकरी, खोलीचं भाडं, हे सगळं एका क्षणात डोक्यात येऊन गेलं. स्वतःच्या गप्प बसण्याला एक चव असते — रेझिनसारखी. जिभेवरून जात नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी आले तर दोन नंबरवर गावाचं नाव रंगवलेलं. भाऊसो कुंचला धूत होता. "मदनआण्णा म्हनले, आज टेम्पो येनाराय."

पिशवीतली पट्टी घेतली आणि सरळ बंगल्यावर गेले.

आक्का ओसरीवर मूग निवडत होत्या. पट्टी त्यांच्या ताटाशेजारी ठेवून उघडून दाखवली. काय झालं, कशामुळे झालं, आज टेम्पो येणार आहे, सगळं सांगितलं. मध्ये एकदाही थांबले नाही. त्यांनी मुगातला एक किडा चिमटीत धरून बाजूला कुंडीत सोडला आणि मग माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे किडं वाचवाय मी माणसं बुडवाय निघाले म्हण की."

"असं मी म्हणाले नाही."

"तोंडावर लिहिलंय की तुझ्या. आल्या दिवसापासनं नाक मुरडूनच बघतीस आमच्याकडं. मला दिसत न्हाई व्हय?"

 खरंच होतं.

त्या उठल्या, चप्पल न घालता शेडमध्ये आल्या. "सोलून दाखव." मी तळातल्या कापावर मारलेलं ठिगळ उचकटलं, कडेत पटाशी घातली आणि दाबली. आतला थर हातभर उचलला गेला. काही जोर लागला नाही. भाऊसो खाली बसला. तोंडातला मावा थुंकायचंही त्याला सुचेना.

"मदन, कटर आण. माझ्यासमोर काप ही."

"आक्का, एवढी तयार बोट—"

"कापतोस, का मी आत बसू आणि नदीत सोडतोस?"

मदन सरांनी कटर चालवला नाही, भाऊसोने चालवला. गावाचं नाव मधोमध तुटलं. धूळ उडाली, काचेची, पांढरी. आक्का खोकत खोकत शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. मास्क नव्हता, कारण मास्क नाहीतच! मी माझं फडकं पुढे केलं. त्यांनी त्याचा वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि परत दिलं.

२ ऑगस्ट, शनिवार

टेबलावर मास्कचा खोका. कुणी आणला, कुणी बोललं नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

तिसरी बोट वाचते. मेणाचा थर सगळा घासून काढायचा, काच उघडी दिसेपर्यंत, आणि मग वर तीन मॅट. चार दिवस चौघं आणि मी, साच्यात गुडघ्यांवर. वीज गेली की हाताने, पॉलिश पेपरने. धूळ कानात, पापण्यांत, कपड्यांच्या शिवणीत. आंघोळीनंतर टॉवेलसुद्धा टोचतो. भाऊसो माझ्या शेजारीच घासतो. आज म्हणाला, "मॅडम, तुमी नगा हात घालू, पुरळ बघा की." मी म्हणाले, तुमचेही बघा. त्याने बघितले. वीस वर्षांत पहिल्यांदा बघतो आहे असं वाटलं.

मॅट दमट झाल्या आहेत. काच कोरडी नसेल तर रेझिन धरत नाही. दिव्यांखाली वाळत टाकल्या.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज तीन मॅट एका दमात चढवायच्या होत्या. दिवस पुरणार नव्हता, दिवे लावावेच लागणार. सांगायला कुणी धजेना. चार वाजता आक्का स्वतःच आल्या. मागून दोन बायका आणि चार मच्छरदाण्या. घरातल्या, पलंगावरच्या. एकीवर गुलाबी फुलं.

त्या साच्याभोवती वरून बांधल्या, टोकं विटांखाली दाबली. आतून दिवे लावले. किडे आले, जाळीवर बसले, आणि तिथेच राहिले.

बस! एवढंच होतं. वाळवीही जगली, थरही चिकट राहिला. पंधरा जुलैला हे एका माणसाला सुचायला हवं होतं. इंजिनियर माझ्या नावापुढे लागतं. स्वतःचाच राग आला, जेवण गेलं नाही.

आक्का खुर्ची टाकून बाहेर बसून होत्या. निघताना म्हणाल्या, "फुलाची मच्छरदाणी धुऊन दे. ती नातीची हाय."

१६ ऑगस्ट, शनिवार

तिसरी साच्यातून सुटली. काठाची पट्टी कापली, वाकवली, हातोड्याने ठोकली. उघडत नाही. पटाशी घातली तर पटाशीच घसरते. एकच बोट आहे ती.

पण अजून कच्ची. टणकपणा मोजायचं एक छोटं यंत्र असतं, सुई टेकवून दाबायची. पूर्ण पिकलेला माल चाळीसच्या आसपास दाखवतो. माझ्या हिशेबाने पस्तिसाच्या खाली बोट सोडायची नाही. आज वीस. हवा गार, दमट. रेझिन सुस्त पडलं आहे. हॅलोजन लावून ऊब द्यायला सांगितली. आतून रेझिनचा वास इतका येतो की डोळे चुरचुरतात.

१८ ऑगस्ट, सोमवार

कोयनेतून पाणी सोडलंय. महाबळेश्वरला चार दिवस पाऊस थांबला नाही म्हणतात. आयर्विन पुलावर माणसं पाण्याच्या पातळीचा आकडा बघायला उभी, हातात कणसं. जत्रा! मला त्या कणसांचासुद्धा वास सहन झाला नाही.

टणकपणा बावीस. दुपारी वीज गेली ती आली नाही. म्हणजे ऊबही गेली.

मदन सर म्हणाले, "आता मॅडम म्हणतील तसं. मी मध्ये पडणार नाही." किती सोयीचं झालंय त्यांना! बोट ठेवलेल्या गोडाऊनची किल्ली माझ्या टेबलावर ठेवून गेले.

१९ ऑगस्ट, मंगळवार

लालासाहेब ट्रॅक्टर घेऊन दारात. खालच्या गल्लीत पाणी शिरलं. पहिली बोट वरच्या अंगाला फेऱ्या मारते आहे, मदतीच्या बोटी अजून मोठ्या गावांतच गुंतल्या आहेत.

मी यंत्र दाखवलं. पंचवीस. पस्तीस लागतात, असं मी म्हणाले.

"मॅडम, पस्तीस हुस्तंवर आमचं छप्पर बुडंल की!"

"कच्ची बोट वाकते. जास्त माणसं बसली की मागचा कोपरा फाटतो."

"मग कमी बसवू."

"किती?"

"बसतील तेवढी."

हेच. अगदी हेच! पाणी छातीला लागलेलं असताना सहा झाली, आता सातवा नको, असं त्या माणसांना सांगणार कोण? किल्ली दिली नाही. ते दारात बसून राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसते माझ्याकडे बघत होते, मी त्या रेझिनच्या बादलीकडे बघते तसे.

२० ऑगस्ट, बुधवार

सत्तावीस. किल्ली दिली.

माझी अट — एका वेळी सहा माणसं, मोटर नाही, फक्त वल्ही. लालासाहेब म्हणाले, "पर मोजनार कोन?" मी म्हणाले, मी. मागच्या कोपऱ्याशी बसेन. तिथे तडा आधी पांढरा दिसतो, फाटायच्या बराच आधी, आणि तो दुसऱ्या कुणाला ओळखता येणार नाही.

ट्रॉलीवर बोट चढली आहे. भाऊसो दोरी आवळतो आहे. जतला नदी नव्हती. मला पोहता येत नाही.